लाल फोन वाजला तेव्हा

१

बोरीच्या मधल्या गल्लीतली गिरणी त्या सकाळी मध्येच बंद पडली. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बाया लाईटची वाट बघत भिंतीला टेकल्या होत्या. एरवी गिरणीच्या घरघरीत शेजारच्या घरचं भांडणसुद्धा ऐकू येत नाही. आज मात्र गल्ली अशी चिडीचूप होती, की प्रभावतीबाईंकडं भांडी घासणाऱ्या सरजाबाईची किंकाळी पार वेशीपर्यंत गेली.

पोलीस उपनिरीक्षक दैवशाला ठाण्यातून चालतच आली. मागं हवालदार मुंजाजी. निवृत्त शिक्षिका प्रभावतीबाईंचं घर तिला रस्त्यावरून माहीत होतं, आत ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. बैठकीच्या मागून गच्चीवर जिना जात होता. दोन भिंतींमधून चढलेला, ना खिडकी ना झरोका. वर गच्चीवर चैताचं ऊन कडकडत होतं आणि जिन्यात मात्र आषाढ दाटला होता. त्या अंधाराच्या तळाशी प्रभावतीबाई पडल्या होत्या. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांची नणंद कुसुमबाई बसली होती, आणि झोपलेल्या लेकराचा घाम टिपावा तसं पदरानं भावजयीच्या कपाळावरचं रक्त टिपत होती.

जीव केव्हाच गेला होता. तसं सांगायला कुणी डॉक्टर लागत नव्हता.

"कुसुमबाई," दैवशाला जवळ उकिडवी बसली, "काय झालं?"

"काय व्हनार? लाईट गेलती. मी सैपाकघरात व्हते. वहिनी गच्चीवर. फोन वाजला तशा जल्दी जल्दी उतरल्या. अंधारात पायरी चुकली." म्हातारी एका दमात बोलली.

"कुणाचा फोन?"

"लेकीचा. मैथिलीचा. ह्याच वक्ताला रोज येतो."

जिन्याशेजारी कोनाड्यात फोन होता. जुना, लाल, वेटोळ्या वायरीचा, वर क्रोशाची टोपी. असा फोन दैवशालानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्याच्याजवळ काळंभोर खोकं होतं, तळहाताएवढं. त्याच्या वायरी भिंतीवरच्या पांढऱ्या इंटरनेटच्या डब्याकडं गेल्या होत्या.

"फोन खाली, तुम्ही खाली. मग तुम्हीच का नाही उचलला?"

कुसुमबाईनं पहिल्यांदा वर बघितलं. सत्तरीला टेकलेली बाई. नवऱ्यानं तरणेपणीच टाकलं, तेव्हापासून भावाच्या घरात राबत आलेली.

"तो फोन मी न्हाई उचलीत. तो मायलेकीचा हाय. मला त्याचं काई चांगलं न्हाई बाई. आमचा दादा गेला, त्याचा निरोपबी त्याच्यावरच आलता. असाच अंधार व्हता. लाईट न्हाई, काई न्हाई, आन् ते मेलं आपलं वाजतंय, वाजतंय..."

दादा म्हणजे प्रभावतीबाईंचा नवरा, हे मुंजाजीनं कानात सांगितलं.

तेवढ्यात बाहेर गिरणी घरघरली. बैठकीतला पंखा कुरकुरत फिरायला लागला. कोनाड्यातल्या खोक्यावर एक दिवा लुकलुकला, मग दुसरा, मग तिसरा.

आणि लाल फोन वाजला.

कुणीच हललं नाही. सरजाबाईनं तोंडात पदर कोंबला. दैवशालानं क्रोशाची टोपी बाजूला केली आणि फोन उचलला.

"आई! अगं किती वेळची लावतेय मी! रिंग जातेय, जातेय, उचलत का नाहीस गं?"

२

असे निरोप द्यायला कुणी शिकवत नाही. दैवशालानं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग हुद्दा. हुद्दा ऐकल्यावर पलीकडचा आवाज बारीक झाला. मैथिली मेलबर्नला होती. आठवा महिना सरत आलेला, विमानात कुणी बसू देणार नव्हतं.

"पडली? कशी काय पडली?"

"जिन्यावरून. अंधार होता. फोन घ्यायला उतरत होत्या आणि..."

बोलून गेली आणि दैवशालानं जीभ चावली. पण धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून सुटलेला शब्द.

मग पोरीनं इतक्या हळू विचारलं, की दैवशालाला फोन कानावर दाबावा लागला.

"माझा फोन घ्यायला?"

दुपारपर्यंत प्रभावतीबाईंचे धाकटे दीर अप्पाराव जिंतूरहून आले. निवृत्त कारकून, इस्त्रीचा सदरा, कपाळावर गंध. बहिणीकडं, म्हणजे कुसुमबाईकडं, त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दैवशालाला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, सरळसरळ अपघात आहे. निरोप मिळाला तसा जिंतूरहून निघालो. बाईमाणसाचं प्रेत आहे, ताटकळत ठेवू नका. उगं फाटे फोडायचे कशाला?"

"फाटे कोण फोडतंय, काका? मी तर अजून झाडसुद्धा बघितलं नाही."

मुंजाजी मिशीत हसला. अप्पारावांना ते लागलं. "आणि फोडायचेच असतील तर त्या सरजेकडं बघा. दोन दिवसांमागं वहिनींनी तिला लय झापलं होतं, गल्लीनं ऐकलंय."

दैवशाला गच्चीवर गेली. तिथं पांढऱ्या लुगड्यावर कुरडया घातल्या होत्या. अर्धं लुगडं भरलेलं, गोल गोल, सारख्या आकाराच्या, चांदण्या मांडाव्यात तशा. अर्धं लुगडं रिकामं. मध्ये एक कुरडई अर्ध्यातच तुटली होती, तिचं शेपूट लांबपर्यंत ओढत गेलेलं. शेजारी पितळी सोऱ्या आडवा पडला होता आणि पातेल्यातला चीक थिजून दगड झाला होता.

तिची आजी जात्यावर बसली की म्हणायची:

*नणंद-भावजय, एका जात्याच्या दोन शिळा,*
*वरली फिरे-बोले, खालली सोशी कळा.*

दैवशाला त्या तुटक्या कुरडईकडं बघत राहिली. गव्हाचा चीक गरम असतो तोवरच सोऱ्यातून उतरतो. त्याला थांबवून कुणी उठत नाही. चुलीवरचं दूध उतू जाऊ द्यावं, पण चीक निवू देऊ नये, असं बाया म्हणतात. मग हा सोऱ्या असा कुणी टाकला?

खिशात मोबाईल थरथरला. मैथिली.

"मॅडम, एकच सांगा. मी आज फोन केला नसता, तर आई जिवंत असती ना?"

३

"माज्यावर वहीम घेऊ नका मॅडम, पाया पडते," सरजाबाई ओट्यावर अंग चोरून बसली होती. "मी खळ्यावरून गहू उपणून आले, थेट भांडे घासायला. दाराला कडी न्हवती. बैठकीत पाय टाकला तर कुसुम आत्याबाई असं डोस्कं घेऊन बसलेल्या. मग मी वरडले."

"बाईंनी तुला झापलं होतं म्हणे?"

"झापतील न्हाईतर काय पूजा करतील? चांदीचा गडवा आंगणात इसरले मी. मास्तरीण बाई ती! आमच्या अख्ख्या गल्लीला झापायची. पर सनाला लुगडंबी तिनंच घेतलं मला." डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. "परवा मला म्हनली, सरजे, तुज्या हाताला भोक हाय का गं?"

"बाईंचे स्वतःचे हात कसे होते?"

"हात?" सरजाबाईनं आपली बोटं पक्ष्याच्या नखासारखी वाकडी करून दाखवली. "असे. संधिवातानं पार गेलते. चहाचा कप दोनी हातांनी धरायच्या. कुकरचं झाकन निघत न्हवतं त्यांच्यानं. म्हनून तर तो मोबाईल येत न्हवता ना त्यांना. बोट एकीकडं आन् बटन एकीकडं. लेक तिकडून वरडायची, आई तू मला तीनदा कापलंस! तवा त्यो लाल डबा पुन्हा बसवला."

दैवशालाच्या डोळ्यांसमोर पितळी सोऱ्या आला. तो दाबायला मनगटात जोर लागतो, बोटांत पकड लागते.

"मग गच्चीवर कुरडया कोण घालत होतं, सरजाबाई?"

"आत्याबाई. दुसरं कोन? बाई नुसत्या बाजेवर बसून हुकूम सोडायच्या. मैथिलीताईला कुरडया लय आवडतात. बाळंतपणाला संगं न्यायच्या म्हनून पाच दिवसांपासून गहू भिजत व्हते."

"कुसुमबाई म्हणतात, त्या खाली होत्या."

सरजाबाई चपापली. मग पदर नीट करत म्हणाली, "पाणी प्यायला उतरल्या असतील. मला काय ठाव?"

तेही खरंच होतं. पाणी प्यायला माणूस उतरतं. दैवशाला उठली. सरजाबाई तिच्या पाठीमागं पुटपुटली, "तशी सकाळच्या पारीच घरात धुसफूस व्हती म्हना. अप्पाराव येऊन गेले की असंच व्हतंय."

दैवशाला गर्रकन वळली. "अप्पाराव? ते तर निरोप मिळाल्यावर आले."

"ते दुसऱ्यांदा. पयल्यांदा सकाळीच आलते. गिरणी चालू व्हायच्या आदी. खळ्यावर जाताना बघितलं मी."

४

अप्पारावांच्या जिंतूरच्या घरी दारात तुळस, भिंतीवर देवांच्या तसबिरी, आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता. 'पोलीस आलेत' हे ऐकून तो आवाज थांबला.

"सकाळी बोरीला गेला होता, हे का लपवलं?"

अप्पारावांनी टॉवेलनं मान पुसली. "गेलो होतो. पहिल्या बसनं गेलो, लगेच परतलो. निरोप आला तेव्हा मी इथं तहसीलसमोर चहा पीत होतो. चार माणसं सांगतील."

"सांगितलं त्यांनी. मुंजाजीनं विचारलं." दैवशाला खुर्ची ओढून समोर बसली. "म्हणजे जिन्यापाशी तुम्ही नव्हता. मग लपवायचं काय होतं?"

म्हाताऱ्यानं हातातल्या टॉवेलची घडी घातली.

"वहिनी लेकीकडं निघाल्या होत्या. बाळंतपणाचं निमित्त, पण परत यायचं नव्हतं. घर विकायचं ठरलं होतं. प्रश्न कुसुमचा होता. वहिनी मला म्हणाल्या, अप्पा, तुमची सख्खी बहीण आहे, तुमच्याकडं ठेवा." त्यांनी आतल्या दाराकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आमच्या घरात... जमण्यासारखं नव्हतं."

"मग?"

"परभणीला वृद्धाश्रम आहे. तिथं जागा मिळाली. तेच सांगायला गेलो होतो. वहिनींना दारातच सांगितलं आणि पायाला पाय लावून पळालो. कुसुम आत गव्हाचा चीक हाटत होती. मला हाक मारली तिनं. 'अप्पा, चीक खाऊन जा, गूळ घातलाय.' मी थांबलो नाही."

त्यांनी घडी घातलेला टॉवेल खांद्यावर टाकला.

"सख्ख्या बहिणीला आश्रमात टाकायला गेलो होतो, हे गावाला कळू नये म्हणून लपवलं, मॅडम. दुसरं काही नाही. लाज वाटली."

"कुसुमबाईंना माहीत होतं?"

"नाही. वहिनी म्हणाल्या, मी सांगते. कुरडया झाल्या की आजच सांगते."

जीप परत बोरीकडं निघाली तेव्हा दोन्ही बाजूंना काढलेल्या गव्हाची धसकटं उभी होती. मुंजाजी गाडी चालवता चालवता म्हणाला, "मॅडम, समजा म्हातारीनं ढकललं. मन म्हणतंय तसं. पण फोनचं काय? म्हातारी म्हणते फोन वाजला. ती पोरगी सातासमुद्रापल्याड बसून म्हणते, रिंग गेली. दोघींनी ठरवून तर सांगितलं न्हाई? कुसुमबाई बोलली तवा पोरीला काईच ठाव न्हवतं."

तेच तर होतं. दोन बायका, मध्ये समुद्र, आणि दोघींच्या तोंडी एकच फोन. ह्या साक्षीपुढं एका थिजलेल्या चिकाचं काय चालणार?

ठाण्यात मैथिलीचा निरोप वाट बघत होता. रडून रडून बसलेला आवाज. 'मॅडम, तो फोन काढून टाका. तो नंबर मी आयुष्यात परत लावणार नाही. डोळे मिटले की रिंग ऐकू येते, आणि आई जिन्यात दिसते. डॉक्टर म्हणतात बाळासाठी तरी जेवा. घास उतरत नाही.'

५

फोन काढायला सिद्धोधन आला. बोरीत घरोघरी इंटरनेटची वायर त्यानंच ओढली होती. दैवशाला मुद्दाम हजर राहिली. कुसुमबाई सैपाकघराच्या उंबऱ्यात गुडघ्यात मान घालून बसली होती. सरजाबाई तिच्यापुढं चहा धरून.

"वाईट वाटतंय मॅडम," सिद्धोधन खोक्याच्या वायरीला हात घालत म्हणाला. "महिनाबी झाला न्हाई बसवून. जुनी तांब्याची तार तर केव्हाच मेली व्हती, लाल फोन नुसता शोभेला व्हता. पर बाई म्हनल्या, मला ह्योच पायजे, हातात मावतो. मग ताईंनी तिकडून हे खोकं पाठवलं. लाल फोनची वायर खोक्यात, खोकं इंटरनेटच्या डब्यात. ताईकडं तिकडं दुसरा फोन. मग काय, फुकटात गप्पा! बाई पयल्या दिवशी माज्याशीच बोलल्या, शेजारच्या खोलीतून. 'सिद्धोधन, ऐकू येतंय का रे? पाढे म्हण!'"

दैवशालाला हसू आलं आणि गेलं.

"मी म्हनलं व्हतं, बाई, संगं छोटी बॅटरी घ्या. तर म्हनल्या, 'राहू दे रे. लाईट गेली की मी पण निवांत बसते, फोनपण बसू दे.'"

दैवशाला खोक्याकडं वळली.

"लाईट गेल्यावर फोनला बसायचं काय कारण?"

"आता, खोकं लाईटीवर, इंटरनेटचा डबा लाईटीवर. लाईट गेली की दोनी मेले. जुन्या फोनला तारेतूनच करंट यायचा, त्यो अंधारातबी वाजायचा. हा न्हाई वाजत."

उंबऱ्याकडून कपबशीचा आवाज झाला. दैवशालानं तिकडं बघितलं नाही. तिच्या मनात ते सगळं एका रांगेत उभं राहात होतं: गिरणी सुरू झाली, पंखा फिरला, खोक्यावरचे दिवे एकेक करून लागले. आणि *मग* फोन वाजला.

"पण मैथिलीनं रिंग ऐकली," ती दबक्या आवाजात म्हणाली. "घरात लाईट नसताना."

सिद्धोधननं डोकं खाजवलं. "ऐकली म्हनतात? मग... न्हाई बा. ते मला सांगता येत न्हाई. आपल्याकडून कधी लावून बघितलं न्हाई असं. करूनच बघावं लागंल."

"वायर सोडू नकोस," दैवशाला म्हणाली.

अंगणात येऊन तिनं मेलबर्नला मोबाईल लावला. जिनं तो नंबर परत कधीच न लावण्याची शपथ घेतली होती, तिलाच आता तोच नंबर लावायला सांगायचा होता.

"एकदाच," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाही. तुमच्यासाठी."

६

मुंजाजीनं मेन स्विच खाली ओढला. पंखा दमून थांबला. खोक्यावरचे दिवे मालवले आणि जिन्यातला अंधार पुन्हा बैठकीच्या कडेपर्यंत येऊन बसला.

दैवशालानं मोबाईल दाराजवळच्या खिडकीत उभा केला, आवाज मोठा ठेवून. लाल फोन तिच्यापासून हातभर. समोर भिंतीला टेकून कुसुमबाई. तिला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. पण म्हातारीची नजर त्या क्रोशाच्या टोपीवर अशी खिळली होती, जशी वाघाच्या चाहुलीवर खिळावी.

"लावतेय," मोबाईलमधून मैथिलीचा आवाज आला. बटनं दाबल्याचे बारीक आवाज. मग, "रिंग जातेय, मॅडम."

खरंच जात होती. तिच्या कानाशी धरलेल्या फोनातली रिंग मोबाईलमधून झिरपत बैठकीत येत होती, लांबच्या देवळातल्या घंटेसारखी पुसट. आणि कोनाड्यातला लाल फोन मुका.

"अजून जातेय... उचला ना कुणीतरी! मॅडम, तुम्ही जवळ नाही का फोनच्या?"

"हातभर अंतरावर आहे."

"मग उचलत का नाही?"

"वाजतच नाही, मैथिली." दैवशालानं एकेक शब्द जपून ठेवला, पाटावर समई ठेवावी तसा. "घरात लाईट नाही. रिंग फक्त तुमच्या कानात आहे, इथं नाही. त्या दिवशीही लाईट नव्हती. गिरणी बंद होती, गल्ली साक्षीला आहे. तुम्ही लावत होता तेव्हा ह्या घरात काहीही वाजलं नाही."

पुसट रिंग थांबली. तिकडं पोरीनं फोन ठेवला असावा. मोबाईलमधून नुसता श्वास येत राहिला.

"म्हणजे आई... माझ्यासाठी धावली नाही?"

"नाही. तुमच्या आईला ठाऊक होतं, लाईट गेली की हा फोन वाजत नाही. त्यांनीच बॅटरी नको म्हटलं होतं."

मग रडणं आलं. त्यातलं ओझं उतरतानाचं रडणं दैवशालाला ओळखता आलं. पाण्याचा हंडा उतरवताना बाई असाच सुस्कारा टाकते. आणि त्या रडण्याच्या मधोमध, एखादा खडा लागावा तसा, प्रश्न आला.

"मग आत्या असं का म्हणाली?"

दैवशालाकडं उत्तर होतं. अर्धी तुटलेली कुरडई होती, वाकडी बोटं होती, परभणीची जागा होती. आणि एक जुनी सवय होती: ह्या घरात आयुष्यभर लाल फोन अंधारातही वाजत आला होता, भावाच्या मरणाचा निरोप घेऊनसुद्धा. खोटं रचताना म्हातारीनं त्या सवयीवरच भार टाकला होता. रोज ह्या वेळेला वाजतो, म्हणजे आजही वाजला असणार. हे सगळं दैवशाला बोलू शकली असती. पण तिनं कुसुमबाईकडं बघितलं आणि थांबली.

"बटन लावा," कुसुमबाई म्हणाली.

मुंजाजीनं मॅडमकडं बघितलं. दैवशालानं मान हलवली.

"आन् तिला सांगा, परत लाव म्हनावं. ह्या फोनवर."

स्विच वर गेला. खोक्यावर एक दिवा, दुसरा, तिसरा. लाल फोन असा खणखणला, की सरजाबाई दचकली. कुसुमबाई भिंत धरून उठली, कोनाड्यापाशी गेली, पदराला हात पुसला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो फोन उचलला. उलटाच धरला. मुंजाजीनं पुढं होऊन सुलटा करून दिला.

"आत्या?" वेटोळ्या वायरीतून येणारा आवाज शेजारी उभ्या दैवशालालाही ऐकू येत होता. "आत्या, वाजला होता का गं फोन?"

"न्हाई, बाळा." म्हातारीचा आवाज अगदी साधा होता. "तुजा फोन वाजलाच न्हाई. तू काईबी केलं न्हाईस. जेवून घे."

"मग आई..."

"मी गच्चीवरच व्हते. तुज्यासाठी कुरडया घालत व्हते. वहिनी म्हनल्या, इतक्या नको करू, तिकडं नेऊ देत न्हाईत. मग म्हनल्या, तुजी परभणीला सोय केलीय. मला वाटलं दवाखाना. म्हनल्या, न्हाई, राहायची. मी म्हनलं, मैथिलीला ठाव हाय का? मला एक डाव बोलू द्या तिच्याशी. म्हनल्या, तिला सांगायचं न्हाई, तिला ह्या दिवसांत घोर नको. आन् उठून जिन्याकडं गेल्या. सोऱ्या टाकला मी. मागं गेले. पाठीला हात लावला. अडवायला लावला असं मी सोताला रोज सांगितलं. पर अडवायला न्हवता लावला."

कुसुमबाई कोनाड्याच्या कडेला टेकली.

"तुला घोर नको म्हनून त्यांनी लपवलं, आन् मी तर सगळा घोर तुज्याच डोस्क्यावर ठेवला. तोंडाला आलं ते बोलले. तुज्या जिवाला लागंल, हे ध्यानात आलं न्हाई. आलं तवा तोंड उघडंना." तिनं दुसरा हात फोनभोवती धरला, वाऱ्यात दिवा धरतात तसा. मग बोलता बोलता तिचा आवाज कुठल्या तरी जुन्या चालीवर गेला, तिला स्वतःलाही न कळता:

*भावाची गं लेक, माझ्या मांडीवर निजली,*
*वाळल्या झाडाला, बाई, पालवी फुटली...*

ओवी तिनं तिथंच सोडली.

दैवशाला वाट बघत होती. हुंदका येईल, शाप येईल, निदान फोन ठेवल्याची खट्ट तरी येईल. काहीच आलं नाही. समुद्रापलीकडून एक श्वास येत होता, अलीकडून एक जात होता. बाहेर गिरणी कुणाचं तरी दळण दळत होती.

मुंजाजी हळूच पुढं सरकला आणि म्हातारीच्या खांद्याकडं हात नेला. दैवशालानं त्याचं मनगट धरलं.

फोन अजून चालू होता.